राजाबाईंचं नाव आणि आपल्या घरची वही



मुंबईला विद्यापीठासमोरून जाताना राजाबाई टॉवर आपण सगळ्याच मान वर करून बघतो. ही राजाबाई कुणी राणी नव्हती, एका जैन व्यापाऱ्याची आई होती. त्या व्यापाऱ्याचा पैसा उभा राहिला तो कापसावर, म्हणून बोरी अरबच्या मला ही गोष्ट घरचीच वाटते.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म १८३१ चा, सुरतचा. मुंबईत त्यांनी दलाली केली आणि नाव कमावलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तसा आपल्याकडच्या कापसाचा भाव कडाडला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि इथली काळी जमीन कापसाचीच. रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ मध्ये, आपली शकुंतला तर विसाव्या शतकातली. तोवर दारव्ह्याकडचा माल बैलगाडीनेच निघायचा. पावसात या मातीत चाक कसं रुततं, ते तुम्हाला सांगायला नको.

मुंबईत मात्र पैशाचा पूर आला. नव्या कंपन्या, समुद्र बुजवायच्या योजना, शेअरचे सौदे, आणि या सगळ्यात प्रेमचंदशेठ पुढे. दूरदेशी माणसं मरत होती म्हणून इथे भाव चढले होते, हे मला टोचतं. परिग्रहाचं परिमाण ठेवा असं आपल्याला का शिकवतात, ते अशा वेळी कळतं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले. १ जुलैला सौदे पुरे करायचे होते, पण पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदशेठही बुडाले.

पण त्याआधीच, १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले होते. मनोऱ्याला आईचं नाव द्यावं, एवढीच इच्छा. १८६९ मध्ये पायाभरणी झाली, १८७८ मध्ये काम पुरं झालं. उंची २८० फूट! शेठ पुन्हा सावरले आणि १९०६ मध्ये वारले.

राजाबाईंची दृष्टी गेली होती आणि सूर्यास्ताआधी जेवायचा त्यांचा नेम होता, म्हणून टोल्यांवरून त्यांना वेळ कळावी, असं सांगतात. इतिहासकार याला दंतकथा म्हणोत. दिवेलागणीच्या आत चौविहारासाठी पोळ्या लाटताना घड्याळाकडे जिचा डोळा असतो, तिला ती पटतेच.

आता आपल्या घरांकडे या. दुकानदाराच्या घरी जुन्या वह्या असतात. पहिल्या पानावर गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागितलेली असते. आत कुळांची नावं, मणांचे हिशेब, उधारी, धर्मादायाच्या रकमा. आमच्याकडच्या वहीत पणजेसासऱ्यांचं सगळं आयुष्य वाचता येतं. पणजेसासूबाई मात्र कुठेच नाहीत. त्या आहेत ‘घरखाते’ या एका शब्दात : तूप, गूळ, लुगडं, बाळंतिणीचा डिंक.

त्यांचं नाव सासूबाईंना आठवतं, माहेरचं गावही आठवतं. त्यांचं वय आता ऐंशीच्या पुढे आहे. दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत मी थांबणार नाही. उद्या दुपारी भांडी आवरली की त्यांच्यापाशी कागद घेऊन बसणार आहे. तुमच्याकडे कुणाला आठवतंय?