खिळे जुळवणारा पुढारी : मार्कस गार्वी

ज्या समाजाच्या हातात स्वतःचे वर्तमानपत्र नसते, त्याच्याबद्दल दुसरेच लिहितात. अन् ते काय लिहितात, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून जमैका बेटावरच्या मार्कस गार्वी यांची हकीगत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गार्वींचा जन्म १७ ऑगस्ट १८८७ रोजी सेंट ॲन्स बे या गावी झाला. बाप गवंडी. तिथली गुलामगिरी १८३८ साली संपली, पण मळे अन् सत्ता गोऱ्यांकडेच राहिली. पोरवयातच मार्कस छापखान्यात कामाला लागले. खिळे जुळवता जुळवता त्यांना अक्षराची ताकद कळली. १९०८ साली किंग्स्टनच्या छापखाना कामगारांनी संप केला. गार्वी त्यात पुढे होते. संप मोडला, त्यांची नोकरी गेली. मोडलेला संप काय असतो, हे आम्हा कामगारांना कुणी सांगायला नको!

पण माणूस खचला नाही. १९१४ साली त्यांनी जमैकात कृष्णवर्णीयांची संघटना उभारली. पुढे न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीतून १९१८ साली 'निग्रो वर्ल्ड' हे साप्ताहिक काढले. पहिल्या पानावर गार्वींचे आपल्या बांधवांना पत्र असायचे. स्पॅनिश अन् फ्रेंच मजकूरही असे, कारण कॅरिबियन बेटांवर एकच भाषा नाही. गोऱ्या सरकारांना धडकी भरली. १९१९ साली ब्रिटिश होंडुरासमध्ये (आजचे बेलीझ) या पत्रावर बंदी आली. १९२० साली त्रिनिदादमध्ये राजद्रोही लिखाणाविरुद्ध कायदा झाला. तरी बोटींवरचे खलाशी अंक लपवून न्यायचे. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे भोवती बसून ऐकायचे.

गार्वी चुकलेच नाहीत, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांची जहाज कंपनी बुडाली, गरिबांचे पैसे गेले. १९२२ साली ते गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या पुढाऱ्याला भेटले, त्यावर स्वकीयही संतापले. १९२३ साली अमेरिकेत त्यांना शिक्षा झाली आणि १९२७ साली हद्दपार करून जमैकात धाडले. तिथे १९२९ साली त्यांनी 'ब्लॅकमन' हे दैनिक काढले. तेही फार टिकले नाही. १९४० साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

पत्रे बंद पडली, पण आवाज बंद पडला का? नाही! रास्ताफारी पंथाने गार्वींना प्रेषित मानले, अन् त्यांचे नाव रेगे गाण्यांत शिरले. त्यांच्याच सेंट ॲन परगण्यातल्या बर्निंग स्पिअर या गायकाने १९७५ साली त्यांच्या नावाची तबकडी काढली. १९८० साली त्याच परगण्यातल्या बॉब मार्लीने मनाच्या गुलामीविषयीचे गार्वींच्या १९३७ सालच्या भाषणातले शब्द गाण्यात घेतले. ते गाणे जगभर गेले. १९९० साली सेंट ॲनमध्येच रेगे वाजवणारे 'आयरी एफएम' हे रेडिओ केंद्र सुरू झाले. एकेकाळी चोरून वाचावे लागलेले विचार आता उघड्यावर ऐकू येऊ लागले.

१९६४ साली जमैकाने त्यांचे अवशेष मायदेशी आणले आणि त्यांना पहिला राष्ट्रीय वीर ठरवले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी २०२५ मध्ये मरणोत्तर माफी दिली. सरकारांना उशीर झाला. लोकांनी मात्र त्यांना कधीच आपले म्हटले होते. कागद जप्त करता येतो, बंधूंनो. पण चार माणसांत मोठ्याने वाचलेला शब्द जप्त कसा करणार?