आईच्या गळ्यातलं टेक्नेशियम

परवा चिखलीहून आईचा फोन. थायरॉईडच्या स्कॅनला "अणूचं इंजेक्शन" देणार म्हणून घाबरलेली. इंजिनिअर पोराला विचारलं, आणि पोराला काडीचं माहीत नाही! मग अख्खा वीकएंड वाचण्यात गेला.

१९३७ साली इटलीतल्या पालेर्मोत सेग्रे आणि पेरिएर यांना एका पत्र्यात ४३ क्रमांकाचं मूलद्रव्य सापडलं. पत्रा मॉलिब्डेनमचा, बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये मारा खाल्लेला. कृत्रिमरीत्या बनलेलं हे पहिलं मूलद्रव्य, म्हणून १९४७ मध्ये नाव पडलं टेक्नेशियम.

त्याचं ऑक्साईड पाण्यात विरघळलं की परटेक्नेटिक आम्ल होतं. आम्ल तीव्र, म्हणजे हायड्रोजनला धरून न ठेवणारं. उरतो एका ऋण भाराचा परटेक्नेटेट आयन. सगळी गंमत इथेच आहे.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत जनरेटर बनला. ॲल्युमिनाच्या नळीत किरणोत्सारी मॉलिब्डेनम ठेवायचं. त्याचा आयन दोन भारांचा, घट्ट चिकटून बसतो. त्यातून तयार होणारा परटेक्नेटेट मात्र सलाईन ओतलं की सुटून येतो. आणि थायरॉईड ग्रंथी त्याला आयोडाइड समजून आत घेते! आपल्याकडे परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालचं. म्हणजे प्रकार काही कालपरवाचा नाही.

या टेक्नेशियम-९९एमचा किरणोत्सार दर ६ तासांनी निम्मा होतो. आईला एवढंच सांगितलं.

"म्हणजे दुसऱ्या दिवशी?"

"सोळावा हिस्सा. शिवाय थोडं लघवीतूनही जातं."

"बरं बाप्पा, जाते मग."