थंडी होती तशीच राहिली, घरं मात्र बदलली

‘स्कँडिनेव्हियन पद्धतीचं घर’ म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं ते वेगळं सांगायला नको. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, राखाडी सोफा, कोपऱ्यात एक कुंडी आणि भरपूर मोकळी जागा. ही शैली आली कुठून असं विचारलं, तर उत्तरही ठरलेलं असतं. तिकडे हिवाळा लांब, ऊन कमी, म्हणून घरात उजेड खेळवायला पांढरा रंग. माणसं शांत आणि कमी बोलणारी, म्हणून घरंही शांत.

उत्तर ऐकताक्षणी पटतं. तुमच्यापैकी जे सध्या पीएच.डी.साठी विषय शोधताहेत किंवा सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांनी अशा लगेच पटणाऱ्या उत्तरापाशीच थोडं थांबावं. आज हेच उत्तर तपासून बघू. विषय घरसजावटीचा असला तरी तपासण्याची पद्धत कुठल्याही विषयाला लागू पडते.

विज्ञान शाखेतून आलेल्यांना एक साधा नियम माहीत असतो: जो घटक बदललाच नाही, त्या एकट्यावरून बदलाचा खुलासा करता येत नाही. स्टॉकहोम साधारण ५९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १८८० साली होतं, १९३० साली होतं, आजही तिथेच आहे. डिसेंबरमधला अंधारही तोच. मग थंडी आणि अंधार हेच कारण असेल, तर तिथली घरं सगळ्या काळात साधारण सारखीच दिसायला हवीत. दिसतात का?

आधी उलट पुरावा शोधा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टॉकहोममधल्या सुखवस्तू घरांत गडद रंग, जाड पडदे, कोरीवकामाचं अवजड फर्निचर आणि वस्तूंची गर्दी होती. ऊन तेव्हाही कमीच होतं, तरी लोक ते पडद्यांनी अडवत होते! याच पद्धतीवर एलेन केय या लेखिकेने टीका केली. १८९९ साली तिचं ‘सर्वांसाठी सौंदर्य’ अशा अर्थाचं पुस्तक आलं. वस्तू आपल्या कामाला चोख असावी, घर उजेडाचं असावं आणि हे गरिबालाही परवडावं, हा तिचा आग्रह होता. घरं आधीच साधी असती, तर हा आग्रह धरायची गरजच पडली नसती.

त्याच वर्षी चित्रकार कार्ल लार्सनचं ‘एक घर’ हे चित्रांचं पुस्तक निघालं. सुंडबॉर्न गावातलं त्याचं आणि कारिन लार्सनचं हे घर आजही स्वीडिश घराचा आदर्श म्हणून दाखवतात. पण त्या घराची चित्रं नीट बघा. जेवणाच्या खोलीत लाल आणि हिरवा रंग आहे. स्टॉकहोमच्या कला अकादमीत शिकलेल्या कारिनने स्वतः विणलेलं रंगीत, ठसठशीत कापड जागोजागी दिसतं. घर उजेडाचं आहे, पण रिकामं मुळीच नाही.

तिसरं उदाहरण योसेफ फ्रँकचं. हा ऑस्ट्रियातला ज्यू वास्तुरचनाकार. तिथलं वातावरण बिघडत गेलं तसा १९३३च्या सुमारास तो स्वीडनला आला आणि एस्ट्रिड एरिक्सनच्या ‘स्वेन्स्क्त तेन’ या दुकानासाठी काम करू लागला. त्याची कापडं म्हणजे पानं, फुलं, पक्षी आणि भडक रंग. त्याचं म्हणणं असं, की एकाच रंगाचा सपाट पृष्ठभाग माणसाला अस्वस्थ करतो आणि नक्षी मन शांत करते. म्हणजे स्वीडिश घराचा एक नामांकित शिल्पकार ‘शांत घर’ या शब्दांचा अर्थ आज आपण लावतो त्याच्या बरोबर उलट लावत होता.

आणि ते ‘स्थानिक फिकट लाकूड’? १९५०च्या दशकात जगभर गाजलेलं डॅनिश फर्निचर मोठ्या प्रमाणात सागवानाचं होतं. डेन्मार्कमध्ये साग उगवत नाही. तो आग्नेय आशियातून जहाजाने यायचा.

मग बदललं काय?

थंडीचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. पण ती पार्श्वभूमी झाली. कारण शोधायचं तर त्या काळात जे बदललं त्याकडे बघावं लागतं, आणि तिथे सगळ्यात ठळक दिसतो तो घरांचा प्रश्न.

आज श्रीमंत वाटणाऱ्या स्वीडनमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कामगारांची घरं लहान, कोंदट आणि माणसांनी भरलेली होती. १९३८ साली लुब्बे नूर्डस्ट्रोम या पत्रकाराने देशभर फिरून रेडिओवर घरांची दुर्दशा सांगितली. त्यावरच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी ‘घाणेरडा स्वीडन’ असा आहे. त्याआधी, १९३० साली, स्टॉकहोममध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं. गुन्नार आस्प्लुंड त्याचा मुख्य वास्तुरचनाकार होता. काच, सपाट भिंती, भरपूर उजेड आणि कमी जागेत बसणारी घरं तिथे लोकांसमोर मांडली गेली. पुढच्या वर्षी आस्प्लुंड, ग्रेगोर पॉल्सन आणि त्यांच्या साथीदारांनी ‘स्वीकारा’ अशा अर्थाच्या नावाचा जाहीरनामा काढला. यंत्रयुग आलंय, ते मान्य करा आणि त्याचा उपयोग सगळ्यांना चांगली घरं द्यायला करा, असा त्याचा सूर होता.

यानंतर आली मोजमापं. डेन्मार्कमध्ये कोरे क्लिंटने १९२४पासून कोपनहेगनच्या अकादमीत फर्निचर शिकवताना माणसाचं शरीर आणि घरातल्या वस्तू मोजायला लावल्या. त्याचा विद्यार्थी ब्योर्गे मोगेन्सन १९४२ साली डॅनिश सहकारी संस्थांच्या फर्निचर विभागाचा प्रमुख झाला. १९४७ची त्याची साधी, दोरीने विणलेल्या बैठकीची खुर्ची ‘लोकांची खुर्ची’ म्हणून ओळखली जाते. पुढे त्याने आणि ग्रेथे मायरने कपाटं आखण्यासाठी घडी केलेल्या शर्टापासून काट्याचमच्यांपर्यंतची मापं घेतली. स्वीडनमध्ये १९४४ साली गृहसंशोधन संस्था सुरू झाली. ओटा किती उंच असावा, भांडी घासताना बाईची दमछाक किती होते, हे तिथे रीतसर अभ्यासलं गेलं.

आता पुन्हा त्या ‘साध्या’ खोलीकडे बघा. कोरीवकाम नाही, कारण ते यंत्रावर आणि स्वस्तात होत नाही. फर्निचर हलकं आणि बेताचं, कारण खोली लहान. ही साधी राहणी काटकसरीच्या हिशोबातून आलेली आहे.

नाव कुणी दिलं?

‘स्कँडिनेव्हियन डिझाइन’ हे नाव जगभर पसरवणारी मोठी घटना अमेरिकेत घडली. १९५४ ते १९५७ या काळात स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंड यांचं एकत्र प्रदर्शन अमेरिका आणि कॅनडातल्या २४ ठिकाणी फिरलं. त्यामागे एलिझाबेथ गॉर्डनचा पाठपुरावा होता. ही एका लोकप्रिय अमेरिकन गृहमासिकाची संपादक. काच-पोलादाच्या कठोर आधुनिक शैलीवर तिने १९५३ साली कडाडून टीका केली होती, आणि तिला त्याऐवजी दाखवायला काहीतरी ऊबदार, घरगुती हवं होतं. या देशांना निर्यात वाढवायची होती. चार देशांतल्या वेगवेगळ्या परंपरा एका नावाखाली आल्या आणि त्या नावाला निसर्ग, कारागिरी, लांब हिवाळा, लोकशाही अशी गोष्ट जोडली गेली.

म्हणजे आपण सुरुवातीला ज्याला ‘कारण’ म्हणत होतो, ते बऱ्याच अंशी त्या मालाच्या जाहिरातीतलंच वाक्य होतं. संशोधनात ही फसगत फार वेळा होते. ज्याचा अभ्यास करायचा, त्यानेच स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट आपण निष्कर्ष म्हणून लिहून मोकळे होतो.

कागदावरचं घर आणि राहतं घर

आणखी एक सावधगिरी. वर मी जी साधनं वापरली, त्यांतली बरीचशी ‘घर कसं असावं’ हे सांगणारी आहेत: पुस्तकं, प्रदर्शनं, जाहीरनामे. लोक प्रत्यक्षात कसे राहत होते, हे त्यांवरून कळत नाही. १९१७ साली स्टॉकहोममध्ये कामगारांच्या घरांसाठी प्रदर्शन भरलं, त्यात विल्हेल्म कोगेने खास कामगारांसाठी चिनीमातीची भांडी मांडली. ती आवडली ती मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गाला. पुढे चाळिशीच्या दशकात पाहणी करणारे स्टॉकहोममधल्या छोट्या घरांत गेले, तेव्हा अनेक कुटुंबं स्वयंपाकघरात दाटीवाटीने राहत आणि एक चांगली खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवत, असं दिसलं. तज्ज्ञांना हा जागेचा अपव्यय वाटला. त्या कुटुंबांना ती खोली इभ्रतीची वाटत असणार. इतिहास लिहिताना फक्त तज्ज्ञांचे कागद वाचले, तर ही दुसरी बाजू हाती लागतच नाही.

आता हे सगळं आपल्यापर्यंत पोचलंय. इंग्वार काम्प्राडने १९४३ साली सुरू केलेल्या आयकियाचं दुकान २०२० साली नवी मुंबईत तुर्भ्याला उघडलं. तिथल्या मांडून ठेवलेल्या खोल्यांत ‘साधेपणा’ ही आवडीनिवडीची बाब म्हणून समोर येते. एका कुटुंबाला माणसासारखं राहायला किती जागा लागते आणि ती देणं कुणाची जबाबदारी, हा ज्या प्रश्नातून ती खोली घडली, तो मात्र तिथे दिसत नाही. मुंबई परिसरात राहणाऱ्याला हा प्रश्न जुना वाटण्याचं काही कारण नाही.

तर आता तुमचा विषय घ्या. त्याचं सगळ्यात प्रचलित स्पष्टीकरण एका ओळीत लिहा आणि चार गोष्टी तपासा. सांगितलेलं कारण त्या काळात बदललं होतं का? त्या कारणाच्या उलट जाणारी तीन उदाहरणं सापडतात का? तुम्ही वापरताय ते नाव कुणी, कधी आणि कशासाठी रूढ केलं? आणि तुमची साधनं ‘काय असावं’ सांगतात की ‘काय होतं’? उत्तरं लिहून गाईडकडे जा. विषय तोच राहिला तरी प्रश्न बहुधा बदललेला असेल, आणि पुढची तीन-चार वर्षं तुम्हाला त्या प्रश्नाबरोबर काढायची आहेत.