निंबोळी गांजाच्या शेडमध्ये

अमेरिकेत ज्या राज्यांत गांजाची लागवड कायदेशीर आहे, तिथल्या शेडमध्ये पानाखाली कोळी दिसला किंवा पानावर भुरी चढली, की फवारणीसाठी ज्या डब्यांकडे हात जातो त्यांत निंबोळी तेलाचा डबा हमखास असतो. फुलोरा धरला, की जाणता माळी तोच डबा बाजूला ठेवतो. डबा तिथवर कसा पोचला आणि ऐन काढणीच्या तोंडावर त्याला बंदी का, हे समजायचं तर आपल्या कणगीपासून सुरुवात करावी लागते.

धान्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा, शेतात निंबोळीची पेंड टाकायची, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. कीड लागत नाही, एवढं कारण पुरे होतं. शास्त्रज्ञांचं लक्ष तिकडे वळलं ते टोळधाडीमुळे. 1959 मध्ये हाइन्रिख श्मुटेरर हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ सुदानमध्ये होते. टोळांनी दिसेल ते हिरवं फस्त केलं, पण कडुलिंबाची झाडं तशीच उभी राहिली. सुदानचा कडुलिंबही मुळात भारतातूनच गेलेला. तीन वर्षांनी, 1962 मध्ये, दिल्लीवर टोळधाड आली तेव्हा भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी उभ्या पिकावर फवारलं. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्लं नाही.

त्यातूनच पुढे पाच टक्क्यांचा अर्क रुळला. तो आता गावोगावच्या कृषी सहायकाला तोंडपाठ असतो. पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्यातून पिळून घ्यायची, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवायचा आणि पाणी घालून शंभर लिटर करायचं. पाणी पांढुरकं, दुधाळ दिसतं. उन्हात त्याचा जोर लवकर उतरतो, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची. एरवीच्या विषारी औषधासारखी कीड पटापट पडेल, अशी अपेक्षा ठेवली तर निराशा होते. अळी खाणं सोडते, तिला कात टाकता येत नाही, आणि ती हळूहळू संपते. फवारल्यावर दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून शेतकरी अर्काला नावं ठेवतो. त्यात अर्काचा काही दोष नाही.

अळीवर हा परिणाम करणारं द्रव्य इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी 1968 मध्ये बियांतून वेगळं काढलं: अझाडिरॅक्टिन. त्याची रेणूरचना नीट उलगडायला 1985 उजाडलं. केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या गटाने ते प्रयोगशाळेत बनवायचा ध्यास घेतला आणि 2007 मध्ये, 22 वर्षांनी, ते साधलं. त्याला एकूण 71 पायऱ्या लागल्या, आणि शेवटी हाती आलं ते जवळजवळ नगण्य. कडुलिंब हेच दर उन्हाळ्यात अंगणभर सांडून ठेवतो.

मधल्या काळात अमेरिकेला बाजार दिसला होता. रॉबर्ट लार्सन या विस्कॉन्सिनच्या लाकूड व्यापाऱ्याने भारतातून निंबोळी नेली, प्रयोग केले आणि 1985 मध्ये त्याच्या औषधाला तिथल्या पर्यावरण खात्याची नोंदणी मिळाली. ते औषध पुढे डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने विकत घेतलं. याच कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला मिळून 1994 मध्ये युरोपात एक पेटंट मिळालं: निंबोळीच्या तेलाने पिकावरच्या बुरशीचा बंदोबस्त करण्याची रीत. वंदना शिवा, युरोपीय संसदेतल्या ग्रीन गटाच्या माग्दा आल्व्हुट आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना यांनी त्याला हरकत घेतली. वेदांतले आणि आयुर्वेदातले दाखले भाषणांना उपयोगी पडले असतील. पण पेटंट कार्यालयाला लागतो तो पुरावा: नेमकं हेच, नेमक्या याच रीतीने, आधी उघडपणे कोणी केलं होतं का? तो पुरावा महाराष्ट्रातून गेला. अभय फडके या कारखानदाराने साक्ष दिली, की 1985 आणि 1986 च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतल्या शेतांवर या तेलाच्या चाचण्या झाल्या होत्या. म्युनिचमध्ये 10 मे 2000 रोजी पेटंट रद्द झालं आणि मार्च 2005 मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. या लढ्याच्या मराठी वृत्तांतांत हळद-बासमतीच्या पेटंटांच्या रांगेत कडुलिंबाचं नाव असतं, सांगलीचं क्वचितच. याचं मला कायम नवल वाटतं.

पिकांवरची अशी बुरशी गांजावरही येते. अमेरिकेत राज्यांनी लागवडीला मुभा दिली, तरी केंद्राच्या कायद्यात गांजा बेकायदाच होता. त्यामुळे केंद्राच्या पर्यावरण खात्याने त्यासाठी एकाही कीटकनाशकाला मंजुरी दिली नाही. 2015 मध्ये डेन्व्हर शहराने मनाई असलेल्या औषधांच्या संशयावरून हजारो झाडं अडकवून ठेवली. त्यांतलं मायक्लोब्युटानिल हे द्राक्षबागायतदारांना भुरीचं औषध म्हणून ठाऊक आहे. द्राक्षावर त्याच्या अवशेषाची मर्यादा ठरलेली असते. पण ते जाळलं तर हायड्रोजन सायनाइड सुटतो, आणि गांजा जाळूनच ओढतात. मग राज्यांनी ज्यांच्या अवशेषाला खाद्यपिकांवर मर्यादाच लागत नाही अशा द्रव्यांच्या याद्या केल्या. निंबोळी त्यांत सहज बसली.

परवानगी मिळाली, तरी फुलोऱ्याचं गणित वेगळंच राहतं. गांजाचा फुलोरा दाट आणि चिकट असतो, त्यावर राळेच्या बारीक गाठी दाटलेल्या असतात. तेल पानावरून आठवड्याभरात कमी होतं, पण राळेत शिरलेलं तेल तिथेच बसतं. वांगं आपण धुतो, चिरतो, शिजवतो. हा फुलोरा कोणी धूत नाही. तो वाळवायचा आणि पेटवायचा. निंबोळी तेलाचा लसणासारखा उग्र दर्प धुरात उतरतो, हा त्यातला किरकोळ भाग. तेल जळाल्यावर फुप्फुसात काय जातं याची हमी खाद्यपिकाची सूट देत नाही, कारण ती सूट पोटात जाणाऱ्या मालासाठी आहे. शिवाय ओला, तेलकट फुलोरा आतून हवा खात नाही आणि करड्या बुरशीला आयतं घर मिळतं. म्हणजे भुरी घालवायला फवारायचं आणि कूज ओढवून घ्यायची.

‘नैसर्गिक’ म्हटलं की काढणीच्या आदल्या दिवशीही चालतं, हा समज मात्र चिवट आहे, आणि विक्रेत्यांनी त्याचा फायदा घेतला. 2016 मध्ये ओरेगॉनच्या कृषी खात्याने कोळ्यावरचं एक औषध तपासलं. लेबलवर दालचिनीचं तेल आणि सायट्रिक अॅसिड, बाटलीत मात्र अबामेक्टिन हे कीटकनाशक. लेबलवर विसंबून ते फवारणाऱ्यांचा माल चाचणीत अडकला.

2018 च्या कायद्याने नशेचा अंश 0.3 टक्क्यांच्या आत असलेला गांजा, म्हणजे हेम्प, अमेरिकेत कायदेशीर झाला, आणि डिसेंबर 2019 मध्ये पर्यावरण खात्याने त्यासाठी दहा औषधं मंजूर केली. त्यांतली नऊ जैविक होती, आणि त्यांत अझाडिरॅक्टिन आणि निंबोळी तेलाची अनेक होती. या परवानगीतही तेल लावायची खरी वेळ रोपं पानांवर असतानाचीच. फुलं दिसू लागली की तेलाचा पंप बंद. त्यानंतर कोळी आलाच तर भक्षक कोळी सोडावेत, आणि कुजलेला शेंडा कापून शेडबाहेर न्यावा.