शेंगदाणा तेलावरचं इंजिन: एक दंतकथा आणि तिची किंमत

दरवर्षी १० ऑगस्टला आपल्याकडे जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो. त्या दिवशी एक वाक्य हमखास ऐकू येतं: १८९३ साली याच तारखेला रुडॉल्फ डिझेल यांनी शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवून दाखवलं. त्याला जोडून दुसरं येतं: म्हणजे हे इंजिन मुळात वनस्पती तेलासाठीच होतं. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. इतिहासातली अशी चूक एरवी सोडून देता आली असती. पण या गोष्टीवर विसंबून आजही कोणी ना कोणी तळणीचं तेल फडक्यातून गाळतो आणि डिझेलमध्ये मिसळून ट्रॅक्टरच्या टाकीत ओततो. म्हणून ती नीट तपासायला हवी.

१० ऑगस्ट १८९३ ला ऑग्सबर्गच्या कारखान्यात डिझेल यांच्या पहिल्या नमुन्यात प्रथमच इंधन पेटलं, हे खरं. पण ते इंधन खनिज तेलापासूनचं होतं, आणि स्फोट एवढा जोरात झाला की दाब मोजणारं उपकरण फुटून उडालं. भरवशाचं इंजिन तयार व्हायला १८९७ साल उजाडलं.

मग शेंगदाणा आला कुठून? १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातून. ही हकिगत खुद्द डिझेल यांनी १९१२ साली सांगून ठेवली आहे. ऑटो कंपनीने तिथे एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं. इंजिन खनिज तेलासाठीच बांधलेलं होतं, त्यात काही फेरफार केला नव्हता, आणि ते इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांच्या हे लक्षात आलं. कल्पना फ्रेंच सरकारची होती. त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकायचा; तिथली यंत्रं तिथल्याच तेलावर चालली तर बाहेरून कोळसा किंवा तेल न्यायला नको, असा तो हिशेब होता.

आता प्रश्न असा, की तेव्हा चाललं ते आज का चालत नाही? कारण इंजिन बदललं. त्या काळी इंधन दाबाखालच्या हवेच्या झोताने सिलिंडरमध्ये फुंकलं जाई. इंजिनं जड आणि संथ असत. डिझेल १९१३ साली गेले. त्यानंतर हवेचा झोत मागे पडला आणि बारीक भोकांच्या नोझलमधून पंपाने थेट इंधन फवारायची पद्धत आली. बॉश कंपनीने १९२७ मध्ये असे पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. ट्रक, ट्रॅक्टर यांत डिझेल इंजिन बसू लागलं ते याच वाटेने. पण ही फवारणी पातळ इंधन गृहीत धरते. ४० अंश सेल्सिअसला डिझेलची स्निग्धता साधारण २ ते ४.५ सेंटिस्टोक असते, खाद्यतेलाची ३० ते ४०. म्हणजे जवळजवळ दसपट घट्ट. फवारा बारीक होत नाही, थेंब मोठे पडतात, ते पुरते जळत नाहीत.

पुढे काय होतं, ते आपल्या स्वयंपाकघरात बघा. जुन्या कढईच्या कडेला तपकिरी, चिकट थर बसतो. घासून घासून निघत नाही. तेलाचे रेणू उष्णतेने आणि हवेने एकमेकांना जोडले जाऊन तो थर तयार होतो. जवसाचं तेल रंगकामात वापरतात तेही याच गुणामुळे, ते वाळून कडक होतं. हाच थर नोझलच्या टोकावर बसतो, पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटवतो. न जळलेलं तेल रिंगांवरून खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळून त्याला दाट करतं. वंगणच वाहेनासं झालं की बेअरिंग जातात.

हे अनुभवाने कळायला वेळ लागला. ३१ ऑगस्ट १९३७ ला ब्रुसेल्स विद्यापीठाच्या शाव्हान यांना एक पेटंट मिळालं: पाम तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढायचं आणि उरलेलं पातळ इंधन वापरायचं. १९३८ मध्ये ब्रुसेल्स ते लूव्हेन अशी एक बसही त्यावर धावली. आज ज्याला बायोडिझेल म्हणतात ते हेच. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त खनिज तेल आलं आणि हा धडा विसरला गेला.

१९७० च्या दशकात तेलटंचाई आली तेव्हा तो पुन्हा शिकावा लागला. दक्षिण आफ्रिकेत ट्रॅक्टर सूर्यफुलाच्या तेलावर चालवले. सुरुवातीला शक्ती जवळपास तेवढीच मिळाली. पुढे नोझल काजळून बुजायला लागली. तेलाचं एस्टर केलं, तेव्हा त्रास आटोक्यात आला. १९८२ साली अमेरिकेत फार्गो इथे वनस्पती तेल इंधनावर परिषद भरली, तिथेही अशाच चाचण्यांची चर्चा झाली. अमेरिकेतल्या इंजिन उत्पादकांनी अशा इंधनांसाठी २०० तासांची चाचणी ठरवली, ती उगीच नव्हे. पहिल्या वीस-पंचवीस तासांत सगळं छान दिसतं. पॅरिसचं प्रात्यक्षिकही छानच दिसलं होतं.

डिझेलमध्ये थोडंच मिसळलं तर? मिश्रण पातळ होतं, इंजिन चालतं, पण न जळणारा अंश तसाच राहतो. नुकसान टळत नाही, लांबतं. त्यात तेल वापरलेलं असेल तर अडचणी आणखी वाढतात. तळताना तेलात पाणी, कण आणि मोकळी आम्लं येतात. आम्ल आणि पाणी पंपाचा धातू खातात, कण फिल्टर तुंबवतात, आणि तळण्यातच काही रेणू आधीच जोडले गेलेले असतात. घरी बायोडिझेल करायला जावं तर ही आम्लं कॉस्टिकशी मिळून साबण बनवतात. शिवाय मेथॅनॉल विषारी आणि ज्वालाग्राही. हल्लीच्या कॉमन रेल इंजिनात दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो, तिथे हयगय चालतच नाही.

मोह मात्र समजण्यासारखा आहे. २००२ साली वेल्समधल्या लानेली गावात लोक सुपरमार्केटमधलं खाद्यतेल गाडीत भरत होते, कारण इंधनावरचा कर वाचायचा. पोलिसांनी गाड्या पकडल्या त्या धुराच्या तळणीसारख्या वासावरून.

आपल्याकडे २०१८ पासून नियम आहे, की तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते खाण्यात वापरायचं नाही. तेच तेल बायोडिझेलकडे वळवायची योजनाही त्याच वर्षी आली. वाट योग्य आहे. मात्र ती कारखान्यातून जाते, जिथे प्रक्रिया होते आणि बायोडिझेल आयएस १५६०७ या मानकावर तपासलं जातं. फडक्यातून गाळणं म्हणजे प्रक्रिया नव्हे.

शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचे २०० तास ऐन हंगामात भरतात. इंजिन बसतं ते नेमकं तेव्हा, आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही.