तापीचा महाशीर आणि गळाची विद्या

मुलताईला उगम पावलेली तापी सातपुड्याच्या खडकाळ दऱ्यांतून वाट काढत बुऱ्हाणपूरला येते. वेगवान पाणी, मधूनच खोल डोह आणि तळाशी गोटे हे महाशीर माशाचे खरे घर. नर्मदेकाठी त्याला बाडस म्हणतात. दोन्ही नद्यांवर भोई आणि ढीमर पिढ्यान्‌पिढ्या जाळ्याने व गळाने मासे धरत आले.

गळाची विद्या ग्रंथात फार लवकर उतरली, तीही दख्खनमध्ये. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यातील मत्स्यविनोदात समुद्रातले व नदीतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे मासे वेगवेगळे सांगितले आहेत. कोणत्या माशाला काय चारावे, दोर व काठी कशी असावी, याचीही चर्चा आहे. गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील इंग्रजी ग्रंथ 1496 चा, म्हणजे साडेतीन शतकांहून अधिक काळानंतरचा. छंद म्हणून गळ टाकणे साहेबाने शिकवले, हा समज त्यामुळे टिकत नाही. त्याने आणली ती फ्लाय.

पिसे, केस आणि रेशमी धागा गळावर बांधून केलेला खोटा किडा म्हणजे फ्लाय. तिला जवळजवळ वजनच नसते; फेकीसाठी लागणारे वजन दोरात असते. दांडी मागे न्यायची, दोर हवेत पुरता सरळ होईपर्यंत थांबायचे आणि मग पुढे झटका द्यायचा. नवशिक्याचा हात नेमका या थांब्यात चुकतो. घाई केली की दोर पायाशीच गोळा होतो. एकोणिसाव्या शतकात हा दोर जवसाचे तेल मुरवलेल्या रेशमाचा असे. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या दांड्यांसाठी सुरुवातीला हिंदुस्थानचा बांबू कलकत्त्याहून परदेशी जाई. तो मानवेल, सातपुड्याच्या जंगलातही तो वाढतो.

1870 मध्ये मुंबई–जबलपूर लोहमार्ग पुरा झाला, बुऱ्हाणपूर त्यावर आले आणि साहेबाला फ्लाय घेऊन तापी गाठणे सोपे झाले. पण विलायती ट्राउटसाठी घडलेली नाजूक सामग्री महाशीरापुढे कुचकामी ठरे. त्याचे दात घशात असतात आणि जबड्याची पकड इतकी जबर की हलका गळ चिरडला जातो. गळ लागताच तो प्रवाहात सुसाट सुटतो. रिळावर भरपूर दोर नसेल तर तो तुटलाच. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 च्या ‘द रॉड इन इंडिया’त महाशीराच्या शिकारीचे बारकावे सविस्तर मांडले. मोठ्या फ्लायबरोबरच धातूचा चकचकीत चमचा, लहान मासा आणि कणकेचा गोळा ही आमिषे चालत. यांतला कणकेचा गोळा अस्सल देशी, आणि कितीतरी ठिकाणी तोच अधिक खात्रीचा.

पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी महाशीर प्रवाहाविरुद्ध चढतो. तापीवर उकाई आणि हतनूरसारखी धरणे झाली आणि ही वाट तुटली. वाळूउपसा व सुरुंगाची मासेमारी यांनी महाशीराच्या नद्यांची आणखी हानी केली. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून दख्खनी महाशीराची पिल्ले तयार केली जात आहेत, तर मध्य प्रदेशाने 2011 मध्ये महाशीराला राज्यमासा घोषित केले. म्हणूनच फ्लाय शिकू पाहणाऱ्याने उलटा काटा ठेचलेला गळ वापरावा, हात ओले करूनच मासा धरावा आणि तो लगेच पाण्यात सोडावा.