दारूबंदी पटत नाही, मग? बलसारा खटल्याची गोष्ट

१९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा लागू झाला. दारू बनवणे, विकणे, जवळ बाळगणे, पिणे, सगळ्यालाच बंदी. प्रकृतीसाठी दारू गरजेची असलेल्यांना परवाना मिळू शकत असे. पण अल्कोहोल फक्त दारूत नसते. ते अनेक टॉनिक्समध्ये, पातळ औषधांत आणि ओ-द-कोलनमध्येही असते. कायद्याची व्याख्या इतकी व्यापक होती की या वस्तूही तिच्यात सापडल्या.

फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईच्या नागरिकाला हा कायदा मान्य नव्हता. व्हिस्की-बिअरपासून औषधी वाइनपर्यंत सर्व बाळगण्याचा आणि वापरण्याचा आपल्याला हक्क आहे, असे म्हणत त्यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २५ मे १९५१ रोजी निकाल लागला.

जिंकले कोण? दोघेही, थोडे थोडे. पिण्याच्या दारूवरची बंदी कायम राहिली. अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरची बंदी मात्र रद्द झाली. राज्यघटनेचे कलम ४७ देखील औषधी उपयोगाला वगळूनच दारूबंदीची दिशा दाखवते. दारूची भलामण करण्यास मनाई करणारी तरतूदही भाषणस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून गेली. थोडक्यात, दारूच्या बाजूने बोलायची मोकळीक मिळाली, पिण्याची नाही.

सरसकट दारूबंदी मलाही पटत नाही. व्यसन हा आजार आहे आणि आजारावर पोलीस हा उपाय नाही, असे माझे मत आहे. तरीही परवान्यासाठी कुणी खोटे निदान मागितले तर मी ते लिहून देणार नाही. खोटे दाखले वाढले की खऱ्या रुग्णाच्या दाखल्यावरही कुणाचा विश्वास राहत नाही. कायदा चुकीचा वाटत असेल तर बोलावे, लिहावे, न्यायालयात जावे. पळवाट काढण्यापेक्षा बलसारांची वाट बरी.

चोरट्या दारूचा धोका तर जिवाशीच आहे. तिच्यात मिथेनॉल असू शकते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि डोळ्यांच्या नसा निकामी होतात. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभरहून अधिक बळी घेतले.

आपण रोज पीत असाल आणि थांबायचे असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि प्रमाण खरे सांगा. अचानक बंद केल्यास थरथर, फिट किंवा भ्रम होऊ शकतो. त्यावर चांगले उपचार आहेत.